पडद्यावरच्या अक्षराला उठाव हवा
(सामुदायिक रेडिओवरच्या बोलण्याचं शब्दांकन)

आज रंगांवर बोलायचंय. पण लुगड्याच्या रंगांवर नाही, संगणकाच्या पडद्यावरच्या रंगांवर. लुगडं मध्ये मध्ये येईलच, कारण रंगांची पारख आपण तिथेच शिकलेल्या असतो.

आपल्या सोनपेठ तालुक्यात काय, सगळ्या मराठवाड्यात काय, बचत गटाचा हिशेब हळूहळू रजिस्टरातून पडद्यावर यायला लागलाय. कुठे ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना संगणक असतो, कुठे एखादीच्या लेकीचा लॅपटॉप बैठकीला येतो, आणि फोन तर प्रत्येकीच्या पिशवीत. संगणक हाती आला की शिकलेल्या पोरी पहिलं काम करतात ते त्याला सजवायचं. मागे चित्र लावायचं, पट्ट्यांचा रंग बदलायचा, अक्षरांचा रंग बदलायचा. या सगळ्या सजावटीला मिळून थीम म्हणतात. घर आपलं म्हणून आपण उंबऱ्यावर रांगोळी काढतो, तसंच हे. करावंच. कंपनीने दिलेला तोच तो निळा पडदा बघत बसायची काही सक्ती नाही.

अडचण पुढे सुरू होते. गटाच्या सहलीचा किंवा हळदीकुंकवाचा फोटो पडद्यावर मागे लावला जातो. फोटो छान असतो. पण त्याच्यावर फायलींची नावं पांढऱ्या बारीक अक्षरात असतात, आणि फोटोत पंचवीस बायकांच्या पंचवीस साड्या. एका फायलीचं नाव कुणाच्या पिवळ्या पदरावर जातं, दुसरीचं कुणाच्या पांढऱ्या झंपरवर. ‘कर्ज परतफेड’ नावाची फाईल समोर असून सापडत नाही. दुसरीकडे एखादी पोरगी जांभळ्या पडद्यावर गुलाबी अक्षरं घेते. तिला ती वाचता येतात. कारण एक तर तिचे डोळे वीस वर्षांचे, दुसरं ती पडद्याच्या अगदी समोर बसलेली, आणि तिसरं म्हणजे तिथे काय लिहिलंय हे तिला आधीच माहीत असतं, कारण तिनेच लिहिलंय. पाठ असलेलं वाचायला उजेड लागत नाही.

बाकीच्या नऊजणी बाजूला बसलेल्या असतात. जुन्या आणि स्वस्त पडद्यांकडे तिरकं पाहिलं की रंग आणखीच विटके दिसतात. चाळिशी लागलेली मावशी डोळे बारीक करते, थोडं पुढे सरकते, आणि मग म्हणते, “तूच वाच गं बाई, मला काय कळतंय त्यातलं.” इथे थांबा जरा. मावशीला कळत नाही असं नसतं. व्याजाचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. तिला दिसत नसतं. पण न दिसण्याची लाज वाटते, म्हणून ती न कळण्याचं नाव सांगते. असं चार बैठका झालं की हिशेब वाचणारी एकच उरते, आणि बाकीच्या नुसतं ऐकून सही करतात. कागदाच्या रजिस्टरात निदान पान उलटून बघता यायचं. रंगाच्या एका हौसेपायी ते जातं. म्हणून हा विषय मला सजावटीचा वाटत नाही, हिशेबाचा वाटतो.

आता रंग निवडायचे कसे? आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, उठाव. साडीच्या दुकानात आपण म्हणतो, “काठ उठून दिसतोय.” हिरव्यागार साडीला पिवळा काठ उठून दिसतो. त्याच हिरव्या साडीला गडद डाळिंबी काठ लावला तर जवळून सुंदर दिसतो, पण दहा पावलांवरून काठ कुठे संपला आणि साडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. दोन्ही रंग वेगळे आहेत, नावं वेगळी आहेत, पण दोघांचा गडदपणा जवळजवळ सारखा. काठाचं हे चालतं, काठ काही वाचायचा नसतो. अक्षर वाचायचं असतं. अक्षराला रंगाचा फरक पुरत नाही, गडद-फिक्याचा फरक लागतो. एवढं एक धरून ठेवलं तरी अर्धं काम झालं.

हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. जुनी हस्तलिखित पोथी कुणी पाहिली असेल तर आठवा. मजकूर काळ्या शाईत, आणि अध्यायाची सुरुवात-समाप्ती, श्लोकाचे आकडे असं थोडंच तांबड्या शाईत. सगळी पोथी तांबडी कुणी लिहीत नव्हतं. आणि लिहिताना चूक झाली तर? तेव्हा खोडरबर नव्हतं. पिवळ्या रंगाचं हरताळ नावाचं खनिज असतं, ते उगाळून चुकलेल्या अक्षरावर फासायचं. कागद पिवळसर, हरताळ पिवळा, अक्षर गायब. एखाद्याने सगळ्या कष्टांवर पाणी फिरवलं की आपण म्हणतो ना, ‘हरताळ फासला’, ते इथूनच आलं. आता विचार करा, पांढऱ्या पडद्यावर जी पिवळी अक्षरं काढते ती दुसरं काय करते? लिहितानाच हरताळ फासते.

पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही आणि निळा काळ्यावर दिसत नाही, याला कारण आहे. पडद्यावरचे सगळे रंग तीन बारीक दिव्यांपासून होतात, तांबडा, हिरवा आणि निळा. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं, तिन्ही विझले की काळं. पण आपला डोळा या तिघांना सारखा मान देत नाही. पांढऱ्या उजेडाचा एक रुपया धरला तर त्यातले ७२ पैसे हिरव्याचे, २१ पैसे तांबड्याचे आणि निळ्याचे फक्त ७ पैसे. पडद्यावरचा पिवळा म्हणजे तांबडा अधिक हिरवा, म्हणजे ९३ पैसे. पांढरा १०० पैसे. सात पैशांच्या फरकावर अक्षर वाचायचं म्हणजे अवघडच. उलट भडक निळा कितीही चमकला तरी सात पैशांचाच. काळ्या पडद्यावर निळी अक्षरं घेतली तर ती डोळ्याला जवळपास काळीच.

या उठावाचं मापसुद्धा ठरलेलं आहे. संकेतस्थळं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने नियम केले, त्यांच्या २००८ सालच्या आवृत्तीत हे माप दिलेलं आहे. आपल्या भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांतही हेच माप आहे. दोन रंगांच्या उजेडाचा भागाकार करायचा. काळं-पांढरं हे सगळ्यांत मोठं, तिथे उत्तर येतं २१. एकच रंग एकमेकांवर ठेवला तर १. साध्या आकाराच्या मजकुराला किमान साडेचार हवा, मोठ्या ठळक मथळ्याला ३ चालतो, आणि नजर कमी असलेल्यांचा विचार केला तर ७ असावा.

आपल्या ओळखीचे रंग या मापावर धरून बघू. पांढऱ्यावर पिवळा, एकाच्या किंचित वर. म्हणजे नाहीच. काळ्यावर पिवळा किंवा पिवळ्यावर काळा, साडेएकोणीस. म्हणून तर रेल्वे स्टेशनच्या पाट्या पिवळ्यावर काळ्या अक्षरात. गंगाखेडहून परळीला जाताना वडगाव निळा स्टेशन लागतं, नावात निळा आहे पण पाटी पिवळीच! टॅक्सी-टेम्पोच्या नंबरप्लेटी पिवळ्यावर काळ्या, घरच्या मोटरसायकलीच्या पांढऱ्यावर काळ्या. धावत्या गाडीवरचा नंबर वाचता आला पाहिजे म्हणून.

पांढऱ्यावर भडक लाल, ४. साडेचारला थोडा कमी पडतो. लाल म्हणजे लक्ष वेधणारा म्हणून आपण थकबाकी लाल अक्षरात लिहितो, आणि बारीक अक्षरात नेमकी तीच अंधूक दिसते. त्याऐवजी गडद तपकिरी लाल, आपल्या डाळिंबीच्या जवळचा, घेतला तर जवळपास ११ येतो. पांढऱ्यावर पोपटी-भडक हिरवा दीडसुद्धा नाही, पण गडद बाटली हिरवा सातच्या वर. आणि मघाचं ते हिरवं लुगडं-डाळिंबी काठ? बाटली हिरव्यावर तो गडद लाल ठेवला तर उत्तर येतं सुमारे दीड.

सगळ्यांत जास्त फसवतो तो आपला आवडता केशरी. सणावाराच्या शुभेच्छा, मेळाव्याचं आमंत्रण, गटाच्या पापडाची जाहिरात, सगळीकडे केशरीवर पांढरी अक्षरं असतात. दिसायला प्रसन्न, पण उठाव जेमतेम दोन. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली तर जवळजवळ दहा. रंग तोच ठेवायचा, मन मोडायचं नाही, फक्त अक्षर बदलायचं. मला वाटतं बहुतेक भांडणं इथेच मिटतात. रंगावर वाद घालू नये, अक्षराच्या गडदपणावर घालावा.

निळ्यावर लाल अक्षरांबद्दल वेगळं सांगते. डोळ्यातलं भिंग लाल आणि निळा उजेड एकाच ठिकाणी नीट जुळवू शकत नाही. म्हणून गडद निळ्या पडद्यावरची लाल अक्षरं काहीजणींना हलल्यासारखी, तरंगल्यासारखी वाटतात. दोन मिनिटं पाहिलं की कपाळ दुखतं. ती जोडी सोडूनच द्यावी.

हे माप घरातल्या सावलीतलं झालं. आपल्याकडचं ऊन त्यात धरलेलं नाही. उन्हात किंवा दारासमोर पडदा ठेवला की बाहेरचा उजेड काचेवरून परतून डोळ्यात येतो, आणि तो गडद जागेवर आणि फिक्या जागेवर सारखाच पडतो. पैशातच सांगते. एकीकडे १०० रुपये आहेत आणि दुसरीकडे ५. वीसपट फरक. आता दोघींना वरून शंभर-शंभर रुपये वाटले. झाले २०० आणि १०५. फरक दुपटीवरही राहिला नाही. वीसपट उठावाची ही गत, मग साडेचारपट उठावाचं काय होणार? शंभर आणि बावीस होते, ते झाले दोनशे आणि एकशे बावीस. म्हणून उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दार उघडं टाकून बैठक घेत असाल तर पडद्याची पाठ दाराकडे करू नका आणि तोंडही दाराकडे करू नका. दार बाजूला राहील असा तो ठेवा. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की तो आपोआप पडद्याचा उजेड कमी करतो, तेव्हाही हेच होतं. तिथे आधी उजेड वाढवायचा, मग रंगाला नावं ठेवायची.

आपल्या लिपीचं म्हणून एक जास्तीचं दुखणं आहे. देवनागरीत अक्षर ओळखायच्या खुणा फार बारीक. वरचा अनुस्वार, खालचा उकार, रफार. ‘ब’ आणि ‘व’ यांत फक्त पोटातल्या रेघेचा फरक. फिक्या रंगात ती रेघ पुसली की ‘बाकी’ची ‘वाकी’ होते. ‘भ’ची छोटी गाठ दिसली नाही तर ‘भरणा’चा ‘मरणा’ होतो, आणि बैठकीत हसू होतं. हसण्यावारी जातं तोवर ठीक. आकड्यात झालं तर हसू येत नाही. बँकेच्या ॲपमध्ये बहुतेक इंग्रजी आकडे असतात, आणि बारीक, फिक्या करड्या रंगात इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात. तीन हजार की आठ हजार?

म्हणून मराठीसाठी मी साडेचारवर समाधान मानत नाही, सातच्या पुढे जावं असं म्हणते. आणि फॉन्ट जाड घ्यावा. विंडोज संगणकावर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फॉन्ट पाहिला तो मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पडद्यावरची मराठी आपल्याला त्यानेच ओळखीची करून दिली. अक्षराचा आकार एक-दोन पायऱ्या मोठा केला आणि ठळक केला तर रंगाचा थोडा उणेपणा झाकला जातो. सडपातळ, नाजूक रेघांचे फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा.

आता थीम बनवणाऱ्या पोरींसाठी. बैठकीत त्यांनाही ऐकायला बसवा.

थीम म्हणजे दोनच रंग निवडायचे असं वाटतं, मागचा आणि अक्षराचा. प्रत्यक्षात तसं नाही. विंडोज ११ मध्ये कॉन्ट्रास्ट थीम बदलायला घेतली की सहा ठिकाणचे रंग विचारतात. मागचा पडदा, साधी अक्षरं, दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकची अक्षरं, बंद असलेल्या बटणाची अक्षरं, निवडलेला मजकूर, आणि बटणावरची अक्षरं. शेवटच्या दोघांना अक्षराचा वेगळा आणि मागचा वेगळा रंग. लिनक्स वापरणाऱ्यांना तर याहून कितीतरी जास्त. बहुतेकजणी पहिले दोन रंग मन लावून निवडतात आणि बाकीचे तसेच सोडतात. मग मागचा पडदा काळा झालेला असतो आणि लिंक मात्र जुन्याच गडद निळ्या. काळ्यावर भडक निळा, उठाव अडीचच्याही खाली. अर्ज भरताना ‘पुढे जा’ची लिंक सापडत नाही ती अशी. मजकूर निवडला की त्याच्यामागे पट्टा येतो, त्या पट्ट्याचा रंग अक्षराच्या रंगाजवळ गेला तर निवडलेली रक्कमच नाहीशी होते. आणि नेमकी निवडलेलीच रक्कम तर वाचायची असते.

याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे अर्धी थीम. काही प्रोग्राम मागचा रंग तुमच्या थीममधून घेतात आणि अक्षराचा रंग स्वतःचाच ठेवतात. तुम्ही मागचा पडदा गडद केला, त्यांचं अक्षर मुळातच काळं. काळ्यावर काळं. रकाना रिकामा दिसतो, म्हणून बाई पुन्हा आकडा टाकते, आणि तो दोनदा पडतो. तेव्हा थीम बदलल्यावर नुसता पहिला पडदा पाहून खूश होऊ नका. ज्या ज्या ठिकाणी गटाचं काम चालतं, हिशेबाची शीट, बँकेचं पान, सरकारी अर्जाचं पान, छापण्याची खिडकी, ते सगळं एकदा उघडून बघा. एखाद्या पानाने ऐकलंच नाही तर तेवढ्या कामापुरती जुनी थीम ठेवायची.

काळा पडदा चांगला की पांढरा, हे मला नेहमी विचारतात. एकच उत्तर नाही. मोतीबिंदू पिकत आलेल्या बाईला पांढऱ्या पडद्याचा उजेड डोळ्यात पसरतो, सगळं धुक्यासारखं दिसतं, तिला काळ्यावर पांढरी अक्षरं बरी वाटतात. ज्यांच्या डोळ्याला तिरका नंबर आहे त्यांच्यातल्या काहींना हीच अक्षरं पसरलेली, पिसारा फुटल्यासारखी दिसतात, त्यांना पांढऱ्यावर काळी बरी. रात्री अंधारात काळा सुखाचा. दिवसा उजेडात काळ्या पडद्याचा आरसा होतो, अक्षराच्या जागी आपलंच तोंड दिसतं. तेव्हा दोन थीम तयार ठेवाव्यात, एक गडद, एक फिकी. बदलायला अर्धं मिनिट लागतं.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, हेही ध्यानात असू द्या. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. निळा रंग आधीच सात पैशांचा, त्यातलेही भिंग खाऊन टाकतं. घरातली सासू काळा दोरा समजून गडद निळा ओवते, तिला ओरडू नका, तिच्या डोळ्याला दोन्ही सारखेच आहेत. तसाच पांढरा आणि फिक्का पिवळा तिला वेगळा कळत नाही. थीममध्ये फिक्क्या पिवळ्या पट्टीने ‘हे महत्त्वाचं’ अशी खूण केली असेल तर ती खूण तिच्यापर्यंत पोचतच नाही.

लाल-हिरव्याचं तसंच. काहींना जन्मापासून लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. हे पुरुषांत जास्त, बायकांत फार कमी, कारण तो दोष ज्या गुणसूत्रावर येतो ते पुरुषात एकच असतं आणि बाईत दोन. बाईला स्वतःला नीट दिसतं, पण दोष तिच्याकडून मुलाकडे जाऊ शकतो. आता गटाच्या शीटमध्ये हप्ता भरला त्या हिरव्या आणि राहिला त्या लाल, एवढीच खूण ठेवली, आणि शीट बघायला एखाद्या ताईचा मुलगा किंवा बँकेचा माणूस बसला, तर त्याला सगळे रकाने एकाच मातकट रंगाचे दिसू शकतात. अंगणवाडीतली बाळाच्या दंडाची पट्टी आठवा. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे असतात, पण त्यावर सेंटिमीटरचे आकडेही छापलेले असतात. साडेअकराच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवा. रंग विटला, उजेड कमी असला, तरी आकडा सांगतो. शीटमध्येही रंगाशेजारी ‘भरला’, ‘बाकी’ असा शब्द लिहायला काही पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक इशारा. अक्षर फिक्कं असणं दर वेळी कुणाच्या अजाणतेपणाने होत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपमध्ये ‘मान्य आहे’चं बटण गलेलठ्ठ आणि भडक असतं, आणि व्याज, दंड, ‘नको’ हे पर्याय करड्यावर करड्या अक्षरात. हेही रंगांचंच गणित, फक्त उलटं मांडलेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. महत्त्वाची माहिती रंगाने दडपायची आणि दुसरीच पुढे करायची, हा त्यातलाच एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने करारापूर्वी मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायला हवं, त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो. पडद्यावर नीट दिसत नसेल तर ते पत्रक मागा, फोनवर अक्षर मोठं करून वाचा, आणि वाचेपर्यंत त्या भडक बटणाला बोट लावू नका.

आता आपली थीम बरी झाली की नाही हे तपासायचं कसं? भागाकार करत बसायची गरज नाही. आपल्याकडे झेरॉक्स आहे. रंगीत आमंत्रण झेरॉक्सच्या दुकानात दिलं की काळ्या-पांढऱ्यात काय येतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कधी निम्मी अक्षरं गायब. रंग निघून गेला आणि गडद-फिक्याचा फरक तेवढा उरला. तीच परीक्षा फोनवर फुकट होते. पडद्याचा फोनने फोटो काढा, फोटो बदलायच्या ठिकाणी जाऊन त्याचा रंग काढून टाका. काळ्या-पांढऱ्यात अक्षर वाचता आलं तर रंग कुठलाही घ्या. नाही आलं तर तो कितीही आवडता असो, अक्षर गडद करा किंवा मागचा फिका करा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत, रंग दुरुस्तीच्या ठिकाणी, ग्रेस्केल नावाचा पर्याय असतो. तो लावला की सगळा फोनच काळा-पांढरा होतो, मग ॲप आणि शुभेच्छापत्रंसुद्धा तपासता येतात.

दुसरी परीक्षा माणसाची. गटात जिची नजर सगळ्यांत कमी आहे तिला, दुपारी, चार हातांवर, थोडं बाजूला बसवा. “दिसतंय का?” असं विचारू नका. दिसतंय असंच म्हणेल. तिला एखाद्या ओळीतली रक्कम वाचायला सांगा, अशी ओळ जी तिला आधीपासून माहीत नाही. अडखळली तर थीम चुकली, बाई नाही.

करायचं कुठे ते सांगून थांबते. संगणकाच्या मोकळ्या पडद्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं की पर्सनलाइझ येतं. मागचं चित्र तिथूनच बदलायचं. गटाचा फोटो लावायची हौस असेल तर तो पडद्यावर नको, खोलीतल्या भिंतीवर लावा, किंवा पडदा कुलूपबंद असतानाच्या जागी लावा, तिथे फायलींची नावं नसतात. मागे एकरंगी गडद पडदा ठेवला की फायलींची पांढरी नावं आपोआप उठतात. विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कॉन्ट्रास्ट थीम, अशा चार तयार थीम मिळतात, त्यातली डेझर्ट नावाची फिक्या पडद्याची आहे आणि बाकीच्या गडद. आधी त्या लावून बघा, मग त्यातलीच एखादी घेऊन आपल्या आवडीचा रंग एक-एक बदलत जा. फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतच अक्षर मोठं करायचं आणि हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट असं बटण असतं. कंपनीप्रमाणे त्याची जागा थोडी इकडे-तिकडे.

आणि रंग बदलता बदलता सगळाच गोंधळ झाला, काहीच वाचता येईना, तर घाबरून संगणक बंद करू नका. कीबोर्डवर डाव्या बाजूचं ऑल्ट, डाव्या बाजूचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोज विचारेल, हो म्हणा, ठसठशीत अक्षरांची थीम येईल. त्यात बसून आपली थीम नीट करा, आणि झालं की तीच तीन बटणं पुन्हा दाबा, ती निघून जाईल. ही तीन नावं एका कागदावर मोठ्या काळ्या अक्षरात लिहून संगणकाशेजारच्या भिंतीला चिकटवून ठेवा.